आयविसला, कुंपणावरून

आयविस, ती बादली टाकू नकोस.
बूड गेलंय, दिसतंय मला.
बूडच जायला हवं होतं.
आधी चहा संपव, मग सांगते.

काल तुझी गाडी आली दुकानातून:
कोऱ्या कुंड्या, कोऱ्या काठ्या, किमतीच्या चिठ्ठ्यांसकट.
छान आहेत. हेवा नाही हो वाटत.
एवढंच, की त्यांतली एकही अजून
कुणाच्या कशाला उपयोगी पडलेली नाही.

माझा घेवडा बघ. चढलाय ना,
त्या इंटार्सच्या स्की आहेत.
डावी जरा वाकडी,
नवव्या वर्षी बर्चच्या झाडावर आपटला होता.
घेवड्याला त्याचं काही नाही,
तो वाकडीवरच जास्त चढतो.

काकडीवरच्या काचा इस्पितळाच्या.
त्यांनी खिडक्या बदलल्या तेव्हा
डोनाट्सनं हातगाडीवरून चार खेपांत आणल्या,
बाळंतिणींच्या वॉर्डातल्या.
एकीच्या कोपऱ्यात निळ्या रंगानं सात लिहिलंय.
सातखालची काकडी दरवर्षी सगळ्यांच्या आधी धरते.
मी काही म्हणत नाही,
पण इंटार्सही सात नंबरातच झाला.

केफिरचे खोके धुऊन ठेव, मार्चमध्ये त्यांत टोमॅटो पेर.
बाटल्यांची बुडं काप,
मे महिन्यात दौगावावरून गारठा चढून येतो
तेव्हा रोपांना टोप्या होतात.
सकाळी झाकणं मात्र उघडायची.
एकदा मी विसरले, चाळीस कोबी उकडून निघाले.
लेओकादिया अजून विचारते, मीठ घातलं होतंस का?

टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं,
म्हणजे नायलॉनचे किती पायमोजे, हिशेब कर.
एकही धड राहिला नाही, एकही टाकला नाही.
आता त्यांत कांदे. एक कांदा, एक गाठ,
एक कांदा, एक गाठ,
लागेल तसा खालून कापायचा.
शेडमध्ये रांगेनं लोंबतात. लेओकादिया म्हणते,
तुझ्यापेक्षा यांच्याच पोटऱ्या बऱ्या.

सगळंच काही बागेत आणू नये पण.
डोनाट्सनं एकदा संडासाचं भांडं आणलं,
त्यात पेटुनिया लावला, अगदी फाटकाशी.
आठवडाभर बोलले नव्हते मी.
फुललाही मेला भरभरून.

आणि ती घूं घूं ना?
स्ट्रॉबेरीवर कॅसेटची फीत ताणलीय,
वारा आला की गुणगुणते, भोरड्या बिचकतात.
इंग्रजीचे धडे आहेत त्यात.
डब्लिनला जायच्या आधी
हिवाळाभर ऐकायचा इंटार्स पलीकडच्या खोलीत,
मी जातो, तू जातोस, तो जातो.
भिंतीतून मलाही पाठ झालं होतं.
आता वारा म्हणतो.
उच्चार काही धड नाहीत त्याचे,
पण भोरड्यांना कळतं. जातात.

गेल्या जुलैत आला होता.
वाडगाभर खाल्ल्या, उभ्याउभ्याच.
म्हणाला, आई, ही फीत कसली?
म्हटलं, असेल कुठलीतरी. साखर घेतोस?

हां, तर बादली.
तुझ्या कोपऱ्यात रूबार्ब आहे,
आधीच्या मालकिणीनं लावलेला, चिवट.
बर्फ वितळलं की ही त्याच्यावर उपडी घाल,
भोकावर फळी, फळीवर दगड.
आत अंधारात तो उजेड शोधत शोधत
उंच होतो, गुलाबी, कोवळा.
रोज फळी उचलून बघावंसं वाटेल.
बघू नकोस.
तीन-चार आठवड्यांनी एक देठ मला आण.

आणि ती चिठ्ठी तेवढी काढ रे काठीवरची.
काल रोवलीस, आणि माझा घेवडा
रातोरात कुंपणावरून वाकून
तिलाच बोट लावून बसलाय.